दांडू, तेंदू आणि काचेचं कपाट

स्कॉटलंडमधल्या एका जगप्रसिद्ध क्लबाचा खजिना बघायला गेले आणि आठवलं ते भंडारा जिल्ह्यातलं आजोळ. गोल्फच्या जुन्यापान्या काठ्यांचं आणि अड्याळच्या माळ्याचं नातं काय, म्हणता? वाचा तर!

सगळ्यात आधी एक कबुली. गोल्फमधलं मला ओ की ठो कळत नाही. माझ्या लेखी गोल्फ म्हणजे बॉसच्या बॉसने रविवारी सकाळी खेळायचा खेळ. पांढरी टोपी, एका हातात ग्लोव्ह आणि मागे बॅग उचलायला दुसराच माणूस. त्यामुळे गेल्या वर्षी एडिनबर्गच्या मावसभावाने ‘रविवारी सेंट अँड्र्यूजला जाऊ’ म्हटलं, तेव्हा माझा चेहराच पडला. मला किल्ले बघायचे होते, डोंगर बघायचे होते, गेला बाजार थोडं शॉपिंग तरी. पण तिकिटाचे पैसे तो देणार होता. फ्रीलान्सरने अशा वेळी फार प्रश्न विचारायचे नसतात.

एडिनबर्गहून ट्रेन सुटली की थोड्याच वेळात फोर्थच्या खाडीवरचा १८९०चा तो लाल रंगाचा अवाढव्य पूल लागतो. तासाभरात ल्यूकर्स स्टेशन. सेंट अँड्र्यूजला स्वतःचं स्टेशन नाही, ते १९६९मध्येच बंद झालं. तिथून पुढे बस. मी मनात म्हटलं, हे तर आमच्या अड्याळसारखंच झालं! रेल्वे वरठीपर्यंत, पुढे भंडारा आणि मग पवनीची एसटी.

बसमधून उतरलो. समोर समुद्र, मधे हिरवंगार गवत आणि गवताच्या काठावर एक दगडी, रुबाबदार इमारत. हेच ते रॉयल अँड एन्शंट गोल्फ क्लबाचं क्लबहाउस, १८५४मध्ये बांधलेलं. क्लब त्याहून शंभर वर्षांनी जुना, १७५४चा. सभासद नसाल तर आत जाता येत नाही. आपण बाहेर उभं राहून फोटो काढायचा आणि पुढे चालू पडायचं.

पण गंमत पुढेच आहे. समोरच्या जगप्रसिद्ध ‘ओल्ड कोर्स’वर त्या दिवशी चक्क कुत्री फिरत होती, पोरं पळत होती, एक आजी-आजोबा डब्यातून काहीतरी खात बसले होते. मला वाटलं, आपण चुकीच्या जागी आलो. भाऊ हसला. मोठी स्पर्धा नसेल तर रविवारी इथला खेळ बंद असतो आणि कुणीही यावं, फिरावं. कारण क्लब खासगी असला तरी मैदान गावाचं आहे. १५५२च्या सनदेत इथल्या आर्चबिशपने गावकऱ्यांचा या जमिनीवर खेळण्याचा हक्क मान्य केला होता. त्या बदल्यात त्याला तिथे ससे पाळायला मिळाले. पुढे १८९४मध्ये यासाठी ब्रिटिश पार्लमेंटने कायदाच केला आणि १९७४पासून एक ट्रस्ट हे सगळं बघतो. ज्या दगडी स्विल्कन पुलावर जगभरचे खेळाडू पोज देतात, तो म्हणे मुळात गुरं-मेंढ्या ओढ्यापलीकडे न्यायला बांधलेला. थोडक्यात, जगातलं सगळ्यात नावाजलेलं गोल्फचं मैदान म्हणजे एक जपून ठेवलेलं गायरान!

पट्टा नेला, स्पर्धा बंद

क्लबहाउसमध्ये प्रवेश नाही, पण रस्ता ओलांडला की संग्रहालय आहे. १९९०मध्ये ते ब्रिटिश गोल्फ म्युझियम या नावाने उघडलं. २०२१पासून नाव बदलून आर अँड ए वर्ल्ड गोल्फ म्युझियम झालंय. पावसाचे चार थेंब आले म्हणून आम्ही आत शिरलो आणि मी, गोल्फमधलं काहीही न कळणारी, दोन तास बाहेरच आले नाही.

कारण तिथे खेळ नाही, गोष्टी आहेत. क्लब सुरू केला तो बावीस सरदार-जमीनदारांनी. वर्गणी काढून त्यांनी एक चांदीची गोल्फ-काठी बक्षीस म्हणून ठेवली. तेव्हापासून प्रत्येक कॅप्टन त्या काठीला आपल्या नावाचा एक चांदीचा चेंडू लटकवतो. एक काठी भरली की दुसरी. आपल्याकडे देवाला नवसाच्या घंटा बांधतात ना, तसंच दिसतं ते.

दुसरी गोष्ट पट्ट्याची. १८६०मध्ये ‘ओपन’ स्पर्धा सुरू झाली तेव्हा बक्षीस होतं लाल चामड्याचा, चांदीच्या बकलचा पट्टा. नियम असा की लागोपाठ तीनदा जिंकेल त्याने तो घरी न्यावा. यंग टॉम मॉरिस नावाच्या पोराने १८६८, ६९ आणि ७० अशी तीन वर्षं जिंकून, एकोणिसाव्या वर्षी तो खरंच घरी नेला! पुढे काय द्यायचं हेच ठरेना म्हणून १८७१मध्ये स्पर्धाच झाली नाही. मग आला तो सुरईसारखा क्लॅरेट जग, जो आजही दिला जातो. दिला जातो म्हणजे, विजेत्याला प्रतिकृती मिळते. अस्सल जग क्लबाकडेच राहतो. एकदा पोळले, आता ताकही फुंकून.

आणि आपण? आपण आहोत की यात! कोलकात्याचा रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब १८२९चा, ब्रिटिश बेटांबाहेरचा सगळ्यात जुना. मुंबईचा रॉयल बॉम्बे गोल्फ क्लब १८४२चा. अमेरिकेतला सेंट अँड्र्यूज नावाचाच क्लब निघाला तो थेट १८८८मध्ये. मुंबईच्या गोऱ्या साहेबांनी या मूळ क्लबाला एक चांदीचं पदक भेट पाठवलं. ‘बॉम्बे मेडल’ या नावाने ते वसंतातल्या स्पर्धेत दोन नंबरच्या खेळाडूला दिलं जातं. मुंबईचा तो जुना क्लब इतिहासजमा झाला, पण गावाचं नाव तिथे पदकावर कोरलेलं राहिलं.

हॅटभर पिसं

मला मात्र खिळवून ठेवलं ते चेंडूंनी. सगळ्यात जुना चेंडू पिसांचा. ओल्या चामड्याची पिशवी शिवायची, हॅटभर पिसं उकळून मऊ करायची आणि ती छोट्याशा फटीतून ठासून भरायची. भरायची म्हणजे छातीच्या जोराने, लोखंडी दाभणाने रेटून. वाळताना चामडं आकसतं, पिसं फुगतात आणि चेंडू दगडासारखा होतो. एक कारागीर दिवसभरात असे तीन-चारच चेंडू करायचा. त्या पिसांच्या धुळीने चेंडूवाल्यांची छाती धरायची, अनेक जण दम्या-खोकल्याने बेजार व्हायचे. सेंट अँड्र्यूजचा ॲलन रॉबर्टसन हा यातला उस्ताद. त्याच्या चेंडूवर त्याचं नाव ठसठशीत उमटवलेलं असायचं: ॲलन. एवढंच.

मग १८४०च्या दशकात आला गटापर्चाचा चेंडू, म्हणजे मलायाकडच्या एका झाडाच्या चिकापासून केलेला. याची एक मस्त दंतकथा आहे. सेंट अँड्र्यूजमधल्या पॅटर्सन नावाच्या घरी पूर्वेकडून विष्णूची मूर्ती आली. मूर्तीला धक्का लागू नये म्हणून भोवती गटापर्चाचे तुकडे भरले होते. घरातल्या कॉलेजकुमाराने ते गरम पाण्यात मऊ करून वळले आणि झाला चेंडू! खरं-खोटं विष्णूच जाणे. पण हा चेंडू पिसांच्या चेंडूपेक्षा खूपच स्वस्त पडला आणि तुटला तर पुन्हा वितळवून वळता आला. ॲलन रॉबर्टसनचा धंदाच धोक्यात आला. त्याच्या हाताखालचा टॉम मॉरिस, म्हणजे त्या पट्टेवाल्या पोराचा बाप, एकदा नव्या चेंडूने खेळताना दिसला आणि दोघांचं जे बिनसलं ते बिनसलंच. टेक्नॉलॉजी बदलली की ऑफिसात काय होतं हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

अजून एक मजा. गुळगुळीत नवा चेंडू नीट उडायचा नाही, पण वापरून ओरखडे पडलेला जुना चेंडू छान उडायचा. हे लक्षात आल्यावर लोक नव्या चेंडूवर मुद्दाम हातोडीने खुणा करायला लागले. आजच्या चेंडूवरचे खळगे तिथूनच आले.

पर्सिमन? हे तर आपलं टेंभरू!

पुढच्या कपाटात काठ्या होत्या. दांडा हिकरीचा आणि खाली चकचकीत, तपकिरी लाकडी डोकं. लाकडाचं नाव लिहिलं होतं, पर्सिमन. हल्ली पुण्यातल्या सुपरमार्केटमध्ये पर्सिमन नावाचं टोमॅटोसारखं नारिंगी फळ महागात विकतात, तेच का हे? मोबाइल काढला आणि शोधलं. तेच कूळ, फक्त अमेरिकन झाड. शास्त्रीय नाव डायोस्पायरोस व्हर्जिनियाना. खाली भावंडांची यादी होती. त्यात एक नाव वाचलं आणि मी त्या शांत दालनात मोठ्याने ‘अय्या!’ म्हणाले. डायोस्पायरोस मेलॅनॉक्सिलॉन. म्हणजे तेंदू. म्हणजे टेंभुर्णी. म्हणजे अड्याळ!

आता थोडं अड्याळबद्दल. पवनी तालुक्यातलं हे मोठं गाव माझं आजोळ. भात, तलाव, हनुमानाचं मंदिर, चैत्रातली घोडायात्रा. आसपासच्या जंगलात तेंदू आणि मोह. लहानपणी सुट्टीत गेलं की टेंभरं खायची. गोड लागतात, पण कच्चं खाल्लं तर जीभ अशी आवळते की बोलणंच बंद. (आईच्या मते माझ्यासाठी उत्तम फळ.) आणि गंमत म्हणजे, तो चेंडूवाला गटापर्चा कुठल्या कुळातला? मोहाच्या आणि चिकूच्या! म्हणजे गोल्फची काठी तेंदूच्या बहिणीची आणि चेंडू मोहाच्या भावाचा.

आमच्या आबाजींचा, म्हणजे आईच्या वडिलांचा, एक दांडू होता. विटीदांडूमधला. तेंदूच्या लाकडाचा. हे लाकूड चिवट. कावडीला, अवजारांच्या दांड्यांना पूर्वी तेच वापरायचे. फार जुन्या झाडाचा गाभा तर काळाकुट्ट, शिसवीसारखा निघतो. आबाजींच्या दांडूत मधोमध असा काळा पट्टा होता. वकट, लेंड, मूंड करत ते तरुणपणी भल्याभल्यांना दमवायचे म्हणे. मामाच्या पोरांना त्यांनी तो दांडू शिकवला. मीही खेळायचे. अकराव्या वर्षी आजीने ओसरीवरून हाक मारली, ‘पुरे आता, मोठी झाली तू.’ झालं. दांडू पोरांकडे, मी भाकरीकडे.

म्हणून संग्रहालयातून बाहेर पडताना समजलेली एक गोष्ट डोक्यातून जाईना. या क्लबाने बायकांना सभासद करून घ्यायचं ठरवलं ते १८ सप्टेंबर २०१४ रोजी. स्कॉटलंडच्या स्वातंत्र्याचं मतदान होतं ना, त्याच दिवशी. स्थापनेनंतर तब्बल २६० वर्षांनी! त्याआधी १८६७मध्ये गावातल्या बायकांनी शेजारीच आपला वेगळा पुटिंग क्लब काढला होता, कारण खांद्यावर हात नेऊन काठी फिरवणं बाईमाणसाला शोभत नाही असा समज. तिथली जमीन उंचसखल, म्हणून त्या जागेचं नाव हिमालय. थोडे पैसे भरले की कुणालाही खेळता येतं. मी खेळले. सगळे चेंडू भलतीकडे गेले, पण स्कॉटलंडमध्ये हिमालय चढून आले असं मी सगळ्यांना सांगत असते.

माळ्यावरचं म्युझियम

यंदा मेच्या पहिल्या आठवड्यात अड्याळला गेले. निमित्त साधं होतं. मामा जुनं घर पाडून स्लॅबचं बांधणार होता आणि माळा रिकामा करायचा होता. ऊन असं की चपलेतूनही चटका. तेंदूचा हंगाम ऐन भरात. पहाटे चारला उठून बायका जंगलात जातात, पानं तोडून आणतात, सत्तर-सत्तर पानांची पुडकी बांधतात आणि दुपारनंतर ती फळीवर नेऊन मोजून देतात. पवनीच्या बाजूला उमरेड-पवनी-करांडला अभयारण्य आहे, २०१२मध्ये जाहीर झालेलं. पर्यटक तिथे वाघ दिसावा म्हणून जिप्सीत बसतात. पानं तोडणाऱ्या बायका वाघ दिसू नये म्हणून घोळक्याने, मोठमोठ्याने बोलत चालतात.

‘हे सगळं भंगारात जाईन,’ मामा म्हणाला. ‘तुले काही पायजे असन तं घे.’

माळ्यावर काय नव्हतं! फुटका कंदील, पितळेची चेमटलेली घागर, माझ्या मामेभावाची तीनचाकी. आणि दांडू. वाळवीने एक टोक खाल्लं होतं, पण काळा पट्टा तसाच. त्याच्या शेजारी एका जुन्या सुपात लोखंडी पत्र्याचा छोटा चौकोनी तुकडा आणि एक गंजलेली कात्री. मी विसरलेच होते. तो आजीचा फर्मा. आजी बिड्या वळायची. भिजवलेल्या तेंदूच्या पानावर हा फर्मा ठेवायचा, कात्रीने तेवढंच पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायची, तोंड दुमडायचं, दोरा बांधायचा. दिवसभर. ठेकेदाराचा माणूस संध्याकाळी मोजायचा आणि खराब वाटलेल्या बिड्या बाजूला काढायचा. त्यांचे पैसे नाहीत. आजीच्या मांडीवरचं सूप मला आठवतं, आणि खोकला. रात्रभर चालणारा. तंबाखूच्या धुळीचा. ती जाऊन आता नऊ वर्षं झाली.

पिसांच्या चेंडूवर ॲलनचं नाव होतं. बिडीच्या कट्ट्यावर कंपनीचं नाव असतं, कुणाचं तरी चित्र असतं. वळणारीचं नाव कुठेच नसतं.

मी दांडू आणि फर्मा दोन्ही घेऊन खाली आले. आबाजी खाटेवर बसले होते. त्यांना मी फोनमधले फोटो दाखवले. चांदीची काठी, पट्टा, पर्सिमनचं डोकं. त्यांनी चष्मा वरखाली करत सगळं बघितलं.

‘हे पाहाले पैसे लागते?’

‘हो, तिकीट आहे.’

‘कितीचं?’

मी रुपयांत आकडा सांगायचं टाळलं. ‘आबाजी, तुमचा दांडू मी पुण्याला नेते. भिंतीवर लावते. खाली छान पाटी करते.’

‘कायले?’

‘जपून राहील ना. नाहीतर चुलीत जाईल.’

‘त्या काठीनं आता कोनी खेळते का तिथं?’

‘नाही. काचेत असते.’

‘मंग ते काठी कायची वो,’ आबाजी म्हणाले. ‘ते तं फोटो झाला तिचा.’

मी वाद घातला. भरपूर घातला. वाळवी लागलीय, हा आता शेवटचाच, पुढच्या पिढीला दाखवायला नको का, वगैरे. संग्रहालयात उभं राहून मला खरंच वाटलं होतं की आपल्याकडे कुणी काहीच जपत नाही. ते म्हणतात त्यात तथ्य आहे हेही कळत होतं. सेंट अँड्र्यूजने फक्त काठ्या जपल्या नाहीत, आधी मैदान जपलं. आम्ही ज्या तुकड्यावर खेळायचो तिथे आता ट्रॅक्टरची ट्रॉली उभी असते. दांडू ठेवायला पुण्यात भिंत आहे हो, पण विटी उडवायला जागा?

संध्याकाळी ऊन उतरल्यावर बघते तर आबाजींनी दांडूचं वाळवी लागलेलं टोक कापून टाकलं होतं. तीनशे वर्षं जुन्या वस्तूंना हातमोजे घालून हात लावणारी माणसं मी बघून आले होते. माझ्या काळजात चर्र झालं. पण तो बित्तीभर आखूड दांडू त्यांनी मामाच्या धाकट्या लेकीच्या हातात दिला. ती अकरा वर्षांची आहे. मामी ओसरीवरूनच बघत होती. तिने हाक मारली नाही. ट्रॉलीशेजारी गल करून पोरीने पहिली विटी उडवली ती थेट शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या कुरड्यांत. शेजारीण ओरडली, आबाजी खाटेवरून म्हणाले, ‘वकट!’

फर्मा मात्र मी मागून घेतला. त्याला कुणी हरकत घेतली नाही, कुणाला तो हवाच नव्हता. आता तो पुण्यात माझ्या टेबलावर, लॅपटॉपच्या शेजारी असतो. त्याच्यासाठी मी पाटी केलीय. वर आजीचं पूर्ण नाव, गाव अड्याळ, आणि खाली ‘या फर्म्यावर पान कापून रोज हजार बिड्या’.

फोनवर आबाजींना वाचून दाखवली. पलीकडे थोडा वेळ शांतता.

‘हजार नोको लिहू,’ ते म्हणाले. ‘बाराशे लिही. बाराशे वळे ते.’

बॅग भरताय?

अड्याळ : नागपूरपर्यंत रेल्वे किंवा विमान, पुढे भंडारा साधारण ६० किलोमीटर. भंडाऱ्याहून पवनीच्या रस्त्याने एसटी. सोबत पवनीचं प्राचीन बौद्ध स्तूपांचं स्थळ, गोसीखुर्द धरण आणि उमरेड-पवनी-करांडला अभयारण्य असा वीकेण्ड जमतो. मोहफुलं मार्च-एप्रिलमध्ये, तेंदूपत्ता एप्रिल-मेमध्ये. ऊन सोसत नसेल तर दिवाळीनंतर जा. पावसाळ्यात अभयारण्यातली सफारी सहसा बंद असते, आधी चौकशी करा.

सेंट अँड्र्यूज : एडिनबर्गहून ल्यूकर्सपर्यंत ट्रेन, पुढे बस. मैदानावर नुसतं फिरायचं असेल तर रविवार बेस्ट. हिमालयावर पुटिंग चुकवू नका. आणि म्युझियममध्ये पर्सिमनच्या काठीसमोर दोन मिनिटं थांबून, तेंदूला एक नमस्कार नक्की करा!